धरलेला मासा सोडताना: गोव्यात गरवणाऱ्यांना पडणारे आणि विचारले जाणारे प्रश्न

शिवोलीच्या पुलाखाली, रायबंदरच्या जुन्या बांधावर किंवा केरीच्या खडकांवर रॉड घेऊन उभे राहा. दहा मिनिटांत कोणीतरी मागे येऊन थांबतेच. आधी "लागलो काय?" आणि लागलेला मासा पाण्यात परत जाताना दिसला की "अरे, सोडलास कित्याक?" त्यानंतरचे प्रश्नही बहुतेक ठरलेलेच असतात. पेडण्याहून शापोरा नदीच्या काठी गेली बरीच वर्षे मी गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, जातो. या प्रश्नांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांतली काही चुकीची होती. आज जी पटतात ती खाली लिहिली आहेत.

मासा धरायचा आणि परत सोडायचा, हा नेमका काय प्रकार?

गळाला लागलेला मासा शक्य तितक्या कमी वेळात, कमी इजा करून जिवंत परत पाण्यात सोडणे. गरवणारी मंडळी त्याला सरळ 'कॅच अँड रिलीज' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नवा असला तरी गोष्ट अगदीच नवी नाही. गरीला लागलेले बोटभर पिल्लू "वाढ रे बाबा" म्हणून परत टाकणारे म्हातारे मी लहानपणी पाहिले आहेत. फरक एवढाच, की ते लहान सोडत आणि मोठा घरी नेत. आजचा हौशी गरवणारा पुष्कळदा मोठाच सोडतो, तोही फोटो काढून.

खायचा नसेल तर धरायचा कशाला?

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खरा प्रश्न. एका ओळखीच्या पागी, म्हणजे जाळ्याने मासे धरणाऱ्या, काकांनी मला एकदा सुनावले होते, "खेळायचे असेल तर फुटबॉल खेळ. त्याच्या तोंडात लोखंड घालून कसला खेळ?" तेव्हा मी संवर्धन, पर्यटन, निसर्गाशी जवळीक असे बरेच काही बोललो. काका ऐकत राहिले, जाळे विणत राहिले.

आता मी तसे बोलत नाही. खरे उत्तर असे, की मला मजा येते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी पाणी फिरते, कोळंबीचा थवा उडतो, त्याच्यामागे चोणक नावाच्या मोठ्या माशाचा 'टप्प' असा आवाज होतो, आणि त्या क्षणी हात थरथरतात. ही मजा माशाच्या खर्चाने येते हे मान्य करायला हवे. मान्य केले की पुढचे सोपे होते: खर्च आपण करतो आहोत, तर तो कमीत कमी ठेवायची जबाबदारीही आपलीच. मी माशावर उपकार करतोय या थाटात सोडणाऱ्याला पागी काकांपुढे उभे करावे.

आणि दुसरी बाजूही आहे. घरच्या जेवणासाठी एक मासा नेणारा माणूस वीस मासे धरून, फोटो काढून, अर्धमेले करून सोडणाऱ्यापेक्षा माझ्या मते जास्त सरळ वागतो. सोडणे हे आपोआप पुण्य होत नाही.

माशाला दुखते का?

शास्त्रज्ञांमध्ये यावर एकमत नाही, आणि वाद चांगलाच जुंपलेला आहे. २००३ साली स्कॉटलंडमधल्या रॉसलिन संस्थेतल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजेची जाणीव नेणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचलेल्या माशांनी खाणे उशिरा सुरू केले. आम्ल टोचलेले मासे तर टाकीतल्या खड्यांवर ओठ घासत होते. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेतल्या एका मज्जाशास्त्रज्ञाने उलट मांडले होते, की माणसात वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्य थरात होते तो थरच माशाला नाही. म्हणून त्याची धडपड ही नुसती प्रतिक्रिया आहे, दुःख नाही.

काही देशांनी या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाहीत, आणि नुसता सोडण्यासाठी मासा धरणे हे तिथे सबळ कारण धरले जात नाही. स्वित्झर्लंडने २००९ पासून सोडण्याच्याच हेतूने मासे धरण्यावर बंदी घातली. म्हणजे अमेरिकेत जो सभ्यपणा समजला जातो तो तिथे गुन्हा आहे.

मी स्वतः कोणत्या बाजूला? दुखत असावे असे धरून वागतो. चुकलो तर माशाचे काही बिघडत नाही.

पण सोडलेला मासा जगतो ना?

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. पोहत गेला म्हणजे वाचला, असे आपण सगळेच मानतो. शेपटीचा फटकारा बसतो, पाणी अंगावर उडते, आपण समाधानाने हात पुसतो. पुढे त्याचे काय होते ते गढूळ पाण्याखाली असते.

२००५ मध्ये या विषयावरच्या ५३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मृत्यूदराचे २७४ अंदाज होते. सरासरी निघाली १८ टक्के, मध्यक ११ टक्के. पण पल्ला पाहा: काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी ९५ टक्के. म्हणजे 'सोडलेला मासा जगतो' हे विधानही खोटे आणि 'मरतोच' हेही खोटे. तो जगतो की मरतो हे बऱ्याच अंशी आपल्या हातावर ठरते. मुख्य कारणे होती गळ कुठे रुतला, आमिष कसले होते, गळ काढायला किती वेळ लागला, पाणी किती गरम होते आणि मासा किती खोलातून आला.

याहून जास्त झोप उडवणारा प्रयोग १९९२ चा, कॅनडातला. ट्राउट माशांना दमेपर्यंत पळवले. नुसते पळवून पाण्यातच ठेवले त्यांतले १२ टक्के मेले. पळवून ३० सेकंद हवेत धरले त्यांतले ३८ टक्के मेले. ६० सेकंद हवेत धरले त्यांतले ७२ टक्के. ते सगळे लगेच मेले नाहीत, पुढच्या बारा तासांत मेले. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, त्याचे आकडे आपल्या चोणकाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. चोणक बराच चिवट आहे. पण एक मिनिट म्हणजे किती, हे एकदा मोबाईलचे घड्याळ लावून स्वतःचा श्वास रोखून बघा. तेही आधी पुलावरून धावत येऊन.

माझी गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत कोलवाळच्या बाजूला एक मोठा चोणक लागला. मित्र दूर होता, त्याला हाक मारून बोलावले, मोबाईल त्याच्या खिशात, खिसा ओला. मासा तोवर कोरड्या चिऱ्याच्या पायरीवर. मग 'जरा वर धर', 'ऊन मागून येतंय, इकडे वळ'. सोडला तेव्हा तो हळूहळू पोहत गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकतीला पन्नास पावलांवर खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, झाडांच्या मुळांत पांढरे पोट वर करून अडकलेला मिळाला. ओठाच्या कोपऱ्यात माझ्याच गरीचे भोक. घारी खात होत्या. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, फक्त कुणाला दाखवत नाही.

मग नेमके करायचे काय?

सुरुवात घरातूनच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. "मग मासा सुटतो" ही तक्रार मीही केली आहे. तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, ताणलेली ठेवली तर फारसा सुटत नाही, आणि सुटला तरी सोडायचाच होता ना? प्लास्टिकच्या लूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, दोन-दोन तिहेरी गळ येतात, ते काढून एकेक साधा गळ लावा. तिहेरी गळाचा एक काटा तोंडात असतो आणि दुसरा धडपडीत माशाच्या डोळ्यात जातो. माझ्या अंगठ्यातही एकदा गेला होता. कोळंबी लावून बसणार असाल तर गोल वळलेला 'सर्कल हूक' वापरा. त्याला झटका द्यायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जुनी सवय असलेल्यांचा हात झटक्यासाठी शिवशिवतो, तो आवरावा लागतो.

साधन माशाच्या मापाचे हवे. बारीक तंगूसीवर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात काही लोकांना मोठे कसब वाटते. माशाच्या स्नायूंत तोवर आम्ल साठत जाते आणि तो हातात येतो तेव्हा मेल्यातच जमा असतो. जाड दोरी, मजबूत रॉड, लवकर काठाला.

मासा शक्यतो पाण्यातच ठेवा. रबरी जाळीची टोपली असली तर उत्तम, गाठींच्या नायलॉन जाळीने खवले आणि पर फाटतात. हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आपल्याला किळसवाणा वाटतो, पण तीच त्याची जंतूंविरुद्धची कातडी. कोरडा हात, कोरडा कपडा, तापलेला खडक, होडीचा प्लायवूड, हे सगळे तो थर पुसून काढतात. चोणकाच्या गालफडाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे बोटे घालू नका, हे माशासाठी नाही तर तुमच्यासाठी सांगतो. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगू नका. त्याचे वजन आयुष्यभर पाण्याने पेलले आहे, कण्याला ते एकदम पेलायची सवय नसते. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, आडवा.

फोटो? काढा. मोबाईल आधी तयार, माणूस आधी तयार, मग मासा पाण्यातून वर, पाणी अंगावरून निथळत असतानाच एक फोटो, आणि परत. माझा नियम: मासा वर घेताना मी स्वतः श्वास रोखतो. मला श्वास घ्यावासा वाटला की तो खाली.

सोडताना प्रवाहाकडे तोंड करून सरळ धरा, कल्ले चालू झाले आणि त्याने स्वतः हिसका दिला की जाऊ द्या. पुढे-मागे ढकलत राहण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटे जाते, म्हणून ते टाळलेले बरे. आणि फेकू तर अजिबात नका. पुलावरून नारळासारखा टाकलेला मासा मी पाहिला आहे.

एप्रिल-मेमधल्या दुपारी तर सोडण्याच्या हेतूने गरवूच नये असे माझे मत आहे. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. दमलेल्या माशाला जास्त हवा लागते तेव्हाच पाण्यात ती कमी असते. पहाटे जा, तुम्हालाही बरे.

गरी घशात गेली तर?

ओढू नका. पक्कड आत घालून पिळण्यात आतली कल्ल्यांची कमान फाटते आणि रक्त सुरू झाले की खेळ संपला. तंगूस तोंडाजवळ कापा आणि सोडा. साधा लोखंडी गळ खाऱ्या पाण्यात गंजत जातो आणि बरेच मासे तो टाकूनही देतात. म्हणून चकचकीत स्टेनलेसचे गळ न घेतलेले बरे.

ग्रँड आयलंडजवळ खोल पाण्यातून गोबरा काढला, डोळे बाहेर आले, पोट फुगले. सोडला तर तरंगतच राहिला. असे का?

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, तीस मीटरवर चौपट. तिथून भराभर वर ओढला की पिशवीतली हवा तितकीच पट फुगते. जठर तोंडातून बाहेर येते, डोळे सुटतात. काही होडीवाले ते तोंडातून आलेले जठरच पिशवी समजून सुरीने भोसकतात. तसे करू नका.

उपाय म्हणजे माशाला पुन्हा त्या खोलीवर नेणे. जबड्याला लावायचा एक चिमटा आणि त्याला जड शिसे, एवढेच साधन. खाली दाब वाढला की हवा आपोआप आकसते, चिमटा सुटतो, मासा जातो. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकी कायद्याने २०२२ मध्ये खडकाळ भागात मासे धरणाऱ्या होड्यांवर असे साधन किंवा हवा काढायची सुई तयार ठेवणे सक्तीचे केले होते. आपल्याकडे पर्यटकांना गरवायला नेणाऱ्या होड्यांवर मला ते एकदाही दिसलेले नाही. म्हणून सरळ सांगतो: खोल पाण्यात सोडण्यासाठी गरवू नका. पहिला खायला ठेवा, आणि मग गळ गुंडाळा.

जगेल की नाही हे ओळखता येते का?

बऱ्यापैकी. मासा पाण्यात आडवा करून कलता करा. धड मासा डोळा फिरवून तो पाण्याशी समतल ठेवायचा प्रयत्न करतो. डोळा डोक्याबरोबरच फिरला तर लक्षण वाईट. शेपटी चिमटीत धरली की त्याने हिसका द्यायला हवा. उलटा केला तर सरळ व्हायला हवा. या तिन्हींत नापास झाला तर तो 'हळूहळू पोहत' जाईल, माझ्या चोणकासारखा.

आणि जगणार नसेल तर?

मारा आणि खा. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर लाकडाचा एकच नेमका फटका. बादलीत तडफडत ठेवू नका. माझ्या ओळखीचे काहीजण 'आम्ही फक्त सोडतो' या अभिमानापायी रक्ताळलेला मासाही पाण्यात ढकलतात. नाव शाबूत राहते, मासा वाया जातो. अर्थात संरक्षित जात असेल तर ती कोणत्याही अवस्थेत सोडायचीच.

कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा?

चोणक, ज्याला अलिबागकडे जिताडा म्हणतात, तो जन्मतः नर असतो. काही वर्षांनी, ऑस्ट्रेलियातल्या नोंदींप्रमाणे साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, त्याची मादी होते. म्हणजे तो फोटोतला भला थोरला चोणक जवळजवळ नेहमी मादी, आणि लाखोंनी अंडी तिच्याच पोटात. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा असे दोन्ही सोडावे लागतात, मधला ठेवता येतो. आपल्या घरात रीत बरोबर उलटी: लहान सोडायचा, मोठा मिरवत न्यायचा. मी मधला ठेवतो. चवीलाही तोच बरा, फार मोठ्याचे मांस राठ लागते हे आमच्या घरी सगळ्यांचे मत आहे.

गोबऱ्याचे नेमके उलटे. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. मोठे मोठे उचलत राहिलात तर नरच उरत नाहीत.

तांबोशी वेगळ्याच कारणासाठी सोडावी. खाडीत, खाजणाच्या मुळांत जी तांबोशी लागते ती बहुतेक कोवळी असते. वयात आल्यावर ती समुद्रातल्या खडकांकडे जाते आणि तिथे अंडी घालते. वाढ हळू, आयुष्य काही दशकांचे. खाडीतली तांबोशी खाणे म्हणजे शाळेतल्या मुलाला लग्नाला उभे करण्यासारखे, असे आमचा एक मित्र म्हणतो. उपमा जरा विचित्र आहे, पण मुद्दा पोचतो.

बांगडा, काळुंद्र, शेवटा, मुडदुशी? घरात जेवणारी माणसे मोजा आणि तितके आणा.

ट्रॉलर टनांनी मासे नेतात. मी एक सोडून काय फरक पडणार?

समुद्रात कदाचित काहीच नाही. बुल ट्रॉलिंग, म्हणजे दोन होड्यांनी मिळून एक जाळे ओढणे, आणि एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी यांवर बंदी असूनही त्यांविरुद्ध रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांना, वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागतात, यातच सगळे आले. तो राग रास्त आहे. पण ट्रॉलर कामुर्लीपर्यंत नदीत येत नाही. मानशीच्या तोंडाशी उभी असलेली ती मोठी मादी ट्रॉलरने नाही नेली तर आपल्यापैकीच कोणीतरी नेणार. छोट्या नदीत मोठे मासे मोजकेच असतात, तिथे एकाने फरक पडतो. दुसऱ्याच्या मोठ्या चुकीने आपली लहान चूक माफ होत नाही, हे आपण मुलांना सांगतो तेव्हा बरे कळते.

शिंगाळा आणि केंड यांचे काय?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, मीच घालतोय. कॅच अँड रिलीजच्या सगळ्या गप्पा चोणकासाठी असतात. शिंगाळा लागला की त्याचे विषारी काटे टाळायला त्याला पायाखाली चेपतात आणि खडकावर वाळत टाकतात. केंड लागला तर तो फुगावा म्हणून पोटावर टिचक्या मारतात, मग मुले त्याला चेंडूसारखा लाथाडतात, मोठी माणसे हसतात. हे पाहिले की कळते, आपण माशाला सोडत नव्हतो, फोटोला सोडत होतो. मासा नको असेल तर गळ लांब पक्कडीने काढा आणि पाण्यात जाऊ द्या. नाहीच निघाला तर तंगूस कापा.

शिंगाळ्याचा काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, कळ उतरते. जखम खोल असेल किंवा सूज वाढली तर डॉक्टर.

श्रावणात मासे खात नाही. मग श्रावणात धरून सोडले तर चालेल?

हे दरवर्षी विचारले जाते आणि विचारणारा दरवर्षी डोळा मिचकावतो. व्रताचे तुमचे तुम्ही बघा. मासळीचे सांगतो: पावसाच्या सुमारास चोणक अंडी घालायला नदीच्या मुखाकडे उतरतो, आणि मोठ्या माद्या एकाच ठिकाणी मिळतात त्या याच दिवसांत. अंड्यांनी भरलेल्या मादीला दमवून सोडणे म्हणजे तिला ऐन वेळी आजारी पाडणे. समुद्राला नारळ देईपर्यंत होड्या बाहेर काढायच्या नाहीत ही रीत कुणा शास्त्रज्ञाने घालून दिलेली नव्हती. खायचे नाही तर धरायचेही नाही, एवढा महिना रीलला तेल घालत बसा.

कायदा काय म्हणतो?

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंदी असते. ती मुख्यतः यांत्रिक होड्यांसाठी आहे, काठावरून गरी टाकणाऱ्यासाठी नव्हे. अभयारण्यात गळ टाकू नका, यात चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्यही आले आणि म्हादई, नेत्रावळीच्या जंगलातले ओहोळही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे कायद्याआधी अक्कल वापरावी. देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, करवतमासा, समुद्रघोडे आणि महाकाय गोबरा यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. धरणे सोडा, फोटोपुरते बाहेर काढणेही नको.

लिहिलेल्या कायद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मानस. खाजण शेतीच्या बांधावरच्या या दारांशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो, पैसे मोजलेला माणूस तिथे असतो. "मी सोडणारच आहे" हे त्याला सांगून उपयोग नाही. आधी विचारा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा "मार रे" असेच उत्तर येते, आणि उरलेल्या दोन वेळा दुसरीकडे जावे.

सोडणे हे नेहमी चांगलेच ना?

कावेरीची गोष्ट ऐका, तिचे एक टोक लोणावळ्यात आहे. कावेरीतला कुबड असलेला महसीर जगभरच्या गरवणाऱ्यांचे स्वप्न. कर्नाटकात नदीकाठच्या तळांवर अनेक वर्षे तो फक्त धरून सोडला जाई, आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवली जाई. त्याच काळात चांगल्या हेतूने लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेली दुसऱ्या जातीच्या, निळ्या परांच्या महसीराची पिल्ले कावेरीत सोडली गेली. नंतर अभ्यासकांनी तळांवरच्या नोंदवह्या चाळल्या तेव्हा दिसले, की बाहेरून आलेला वाढत गेला आणि कुबडवाला नाहीसा होत गेला. २०१८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव पक्के मिळाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, सोडायचा तो मासा त्याच पाण्यातला हवा. पुण्य म्हणून बाजारातून तिलापिया किंवा आफ्रिकी मागूर विकत घेऊन तळीत सोडू नका. दुसरी, धरून सोडणाऱ्याने वही ठेवली तर कधीतरी ती कुणाच्या तरी उपयोगी पडते.

जिवंत कोळंबी आमिष म्हणून लावणे बरोबर आहे का?

चोणकाची एवढी काळजी आणि कोळंबीची नाही, हा दुटप्पीपणा आहे खरा. मी लूर वापरतो. तरी गरज पडली तर कोळंबी लावतो. यावर माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

तुटलेल्या तंगूसीचे काय करता?

खिशात. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, चोडणच्या खाजणात हुदाळे म्हणजे पाणमांजरे आहेत, आणि पाणकावळा तर तंगूसीत अडकलेला मी स्वतः सोडवला आहे. तो चावतो. सोडवताना त्याच्यावर टॉवेल टाका.

तुम्ही स्वतः किती सोडता?

वही आहे. कावेरीची गोष्ट वाचल्यापासून सुरू केली. तारीख, भरती की सुकती, जात, टेपने लांबी, गळ कुठे लागला, हवेत किती सेकंद. शेवटी तीन रकाने: खाल्ला, सोडला, माहीत नाही. डोळा नीट फिरला आणि जोरात गेला तर 'सोडला'. जरा जरी शंका आली तर 'माहीत नाही'. कोलवाळचा तो चोणक वही सुरू होण्याच्या आधीचा, पण पहिल्या पानावर त्याचीच नोंद आहे. आधी 'सोडला'मध्ये लिहिली होती, मग खोडून 'खाल्ला'मध्ये घातली. खाल्ला घारींनी, पण चौथा रकाना आखायला जागा नव्हती.